तुम्ही त्यांचे कोण?

ओरेशाक,
९ ऑक्टोबर

प्रिय यागोदाताई,

तुला नमस्कार, दाजींना आदरपूर्वक नमस्कार आणि आंजेलियाला मामाकडून खूप खूप लाड. तुझं पत्र मिळालं. दाजींचा गुडघा आता वाकतो आणि प्रार्थनेला त्यांना खाली बसता येतं, हे वाचून बरं वाटलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो आणि मागून दाजींचा खाकरा ऐकू आला की तेवढंही सुचत नाही. पत्रच बरं.

इकडे आम्ही ठीक आहोत. कोसारा आईंचा खोकला गेला. चालताना भिंतीला धरतात. 'आई, काठी घ्या' म्हटलं की म्हणतात, 'मी भिंतीला आधार देते रे. जुनी झालीय, पडायची.' स्रेतेनला जाऊन चार हिवाळे झाले, पण त्याची आई घरात आहे म्हणून घर घरासारखं राहिलं आहे. सकाळी उठल्याबरोबर माझ्यावर ओरडणारं कुणी तरी आहे.

यंदा प्लम एवढे आले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. शेजारच्या राडिसावची राकियाची, म्हणजे प्लमच्या दारूची, भट्टी दर वर्षी आमच्याच अंगणात लागते, यंदा त्याने ती स्वतःच्या गोठ्यामागे लावली. जागेची अडचण असेल.

परवा वरच्या आळीत एक गाय अडली होती. वासरू आडवं, दोन्ही पाय मागे. कोपरापर्यंत हात घालून फिरवावं लागलं. दोघंही वाचली. एरवी त्या घरी हात धुतले की आत बोलावतात, कॉफी, राकिया, मग त्या म्हाताऱ्याच्या लष्करातल्या गोष्टी. या वेळी अंगणातच तांब्याने हातावर पाणी घातलं आणि म्हातारा म्हणाला, 'डॉक्टर, तुम्हाला घाई असेल ना.' मला घाई नव्हती. पण असेल, असं म्हणून निघालो.

आता तुझ्या पत्राकडे येतो.

तू लिहितेस, कोर्टाचं कर हवं तर, पण नाव नको. आंजेलियाचं लग्न नाताळनंतर आहे, सोयरे जुन्या वळणाचे आहेत, दाजी पाद्री म्हणून बिशपांची नजर त्यांच्यावर आहेच. 'तुझ्या एका सहीने आम्ही सगळे एका आगीत जळू,' हे तुझे शब्द. ताई, मला ते कळतं. तू उगाच भीती घालणारी बाई नाहीस.

वकीलबाई इसिडोरा म्हणते की तशी सोय आहे. इथल्या कोर्टांनी, खालच्या आणि वरच्या, नाही म्हटल्यावर आता स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या कोर्टात अर्ज जायचा आहे. तिथल्या न्यायाधीशांना विनंती केली तर नाव झाकतात, नुसती आद्याक्षरं छापतात. 'ति. प्रो. विरुद्ध सर्बिया'. वाचायला एखाद्या लशीचं नाव वाटतं. नोव्हेंबर संपायच्या आत अर्ज जायला हवा.

पण झाकायला राहिलंय काय? गेल्या महिन्यात कुठल्याशा बातम्यांच्या साइटवर आलं की 'आपल्या खोऱ्यातला एक पशुवैद्य' असला खटला घेऊन निघाला आहे. नाव दिलं नव्हतं, अगदी सभ्यपणे. आमच्या खोऱ्यात गुरांचा डॉक्टर एकच आहे, ताई. माणसांचं सोड, बैलसुद्धा ओळखतील.

तू विचारतेस, चार वर्षांनी हे उकरून काय मिळणार. स्रेतेन तर परत येणार नाही. खरं आहे. मला एवढंच विचारायचंय की हॉस्पिटलात जे झालं ते बरोबर होतं का. तुला थोडंसं सांगितलं होतं. वॉर्डच्या दारात नर्सने विचारलं, 'तुम्ही त्यांचे कोण?' इतकी वर्षं एका छताखाली राहिलो आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोंडातून निघालं, 'डॉक्टर.' ती एकदम सरळ उभी राहिली. 'कुठल्या विभागाचे?' म्हटलं, 'गाई-म्हशींच्या.' तिला वाटलं मी प्यालो आहे.

हसू नकोस. किंवा हस. स्रेतेन फार हसला असता.

आत फक्त रक्ताच्या नात्याची माणसं. आई आत होत्या. तेवढं तरी बरं झालं. त्याच्याजवळ आपलं माणूस होतं.

असो. इथे थंडी पडायला लागली. कोसारा आईंनी आतापासूनच स्लावाचं मनावर घेतलं आहे. महिनाअखेरीला त्यांच्या घराण्याच्या संताचा, लुकाचा दिवस. अक्रोड फोडून झाले. कोबी मुरत घातलाय. 'यंदा माणसं जास्त येतील,' म्हणतात.

आद्याक्षरांचं पाहतो. बहुतेक तसंच करीन. तू काळजी करू नकोस.

तुझा,
तिहो


ओरेशाक,
४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुम्ही सगळे खुशाल असाल. मीही आहे, म्हणजे चालता-फिरता आहे. कालपासून एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा उठून-बसून लिहितोय, अक्षर लागत नसेल तर माफ कर.

'देवाने तुला शहाणपण दिलं, तू समजून घेतलंस,' असं तू उलट टपाली लिहिलंस. वाचून मला लाज वाटली. मी समजून घेतलं नव्हतं, मी वेळ मारून नेली होती. आणि माझ्या त्या पत्रात एक गोष्ट सांगायची टाळली होती. ती आज सांगतो, पण आधी स्लावाचं सांगू दे, कारण ते त्यातूनच बाहेर आलं.

सकाळी फादर ग्लिगोर आले. आमच्याकडे ते दर वर्षी सगळ्यात आधी येतात, यंदा सगळ्यात शेवटी आले. मेणबत्ती लावली, उकडलेल्या गव्हाच्या थाळीवर वाइन शिंपडली आणि मग कोलाच कापायची वेळ आली. तुला सांगायला नको, तो गोल पाव घरच्या कर्त्या माणसाने पाद्र्यासोबत हातात धरून फिरवायचा आणि मोडायचा.

फादर म्हणाले, 'कोण धरणार?'

कोसारा आई म्हणाल्या, 'इतके दिवस मी धरला. आता माझे हात कापतात. तिहोमिर धरील.'

'आई, तो या घरचा नाही.'

'मग कुणाच्या घरचा? तूच सांग. तुझी गाय फुगली होती तेव्हा त्याला शोधत कुठल्या घरी आला होतास?'

'गाय वेगळी, कोलाच वेगळा.'

'गाय वाचली, म्हणून वेगळी होय रे?'

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, 'फादर, आईच धरतील. मी नुसता मागे उभा राहतो.' मग त्यांनी धरला, पण हात इतके लटपटायला लागले की मला त्यांचं कोपर धरावं लागलं. म्हणजे कोलाच आम्ही तिघांनी फिरवला. फादरनी कोपराकडे पाहिलंच नाही. पाहायचं नसलं की आपली माणसं किती छान पाहत नाहीत, ते तुला ठाऊक आहे.

मग त्यांनी घरच्यांची नावं घेतली. मेलेल्यांत स्रेतेन, त्याचे वडील, आजोबा. जिवंतांत 'कोसारा' म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, 'आणि या घरातले सर्व.'

त्या 'सर्व'मध्ये मी. दुसरं कुणी नाहीच घरात.

ते गेले. आम्ही टेबलापाशी बसलो. पांढरा कपडा, ताटं लावलेली, कोबीच्या पानातलं मटण, भाजलेलं डुक्कर, चार तऱ्हेचे केक. स्लावाला कुणी आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आमच्याकडे दर वर्षी बाकं शेजारून आणावी लागायची. फाटकाचा आवाज आला की मी उठायचो. वारा असायचा. मटण तीनदा गरम केलं. आई म्हणाल्या, 'बस की रे, कोंबडीसारखा काय फिरतोस.' मी बसलो आणि पुन्हा उठलो. रस्त्याने माणसं जात होती, दुसऱ्या लुकावाल्यांच्या घरी, हातात बाटल्या घेऊन. आमच्या फाटकापाशी आली की सगळ्यांना आभाळात काही तरी दिसायचं.

दुपार कलल्यावर राडिसाव आला. टोपी काढली नाही.

'बसत नाही, डॉक्टर. उभ्याउभ्या एक पेला घेतो आणि निघतो. संताचा मान.'

मी पेला दिला. त्याने तो संपवला, पण निघाला नाही. बूट जमिनीवर घासत म्हणाला, 'एक सांगू? तुम्ही कोर्टात गेलात हे चुकलं. तुम्ही दोघं इतकी वर्षं राहिलात इथे. कुणी कधी काही म्हटलं?'

'नाही.'

'माझी पोरं मास्तरांकडे वाजवायला शिकली.' स्रेतेन शाळेत अकॉर्डियन शिकवायचा, तुला आठवत असेल. 'मी काही विचारलं? गावाने विचारलं? आम्हाला काय डोळे नव्हते? पण आपली एक रीत आहे. दिसतं ते सगळं बोलायचं नसतं. आता तुम्ही परक्या देशाच्या कोर्टात आम्हाला रानटी ठरवणार.'

मला त्याचा राग आला नाही, ताई. तो खरं बोलत होता. कुणी काही म्हटलं नाही, म्हणूनच आम्ही जगलो. मी स्वतः त्या गप्पपणाच्या उबेत झोपलो आहे. पण त्याच गप्पपणामुळे त्या दारात मला माझ्यासाठी एक शब्द सापडला नाही. हे त्याला कसं सांगावं, या विचारात मी होतो. तेवढ्यात आई बोलल्या.

'राडिसाव, माझं पोर मेणबत्तीशिवाय गेलं.'

त्याने पेला खाली ठेवला. छातीवर क्रूसाची खूण केली.

तुला मी लिहिलं होतं की आई आत होत्या, त्याच्याजवळ आपलं माणूस होतं. ते खोटं आहे. सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांशीसुद्धा त्यावर कधी बोललो नाही. आता आईंनी राडिसावसमोर, ताटं मांडलेल्या टेबलापाशी, सगळं सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

'मला आत सोडलं, याला नाही. मी म्हटलं हा माझा धाकटा आहे. ती म्हणाली, आजी, ओळखपत्र दाखवा. आडनाव वेगळं. मग मीच आत-बाहेर करत राहिले. स्रेतेन म्हणायचा, तिहोला विचार जेवला का. मी बाहेर येऊन विचारायची. हा म्हणायचा, जेवलो म्हणून सांगा. जेवला नव्हता. मी आत जाऊन सांगायची, जेवला. मग तो म्हणायचा, त्याला सांग, मधमाश्यांच्या पेट्यांवर गवत घाल, गारठतील. पुन्हा मी बाहेर. लांबलचक व्हरांडा आणि माझे हे गुडघे. तो थकत चालला होता. शेवटी म्हणाला, आई, त्याला आत आण. एवढंच. त्याला आत आण. मी उठले. दारात जाऊन त्या बाईची बाही धरली. म्हटलं, दोन मिनिटं सोड, पोरी, तुझ्या पाया पडते. ती म्हणाली, नियम आहे. मी म्हटलं, माझ्या जागी सोड, मी बाहेर बसते. ती म्हणाली, तसं चालत नाही. मी भांडले, राडिसाव. भांडत राहिले. आणि परत आत गेले तर...'

मग त्यांनी खिशात हात घालून काही शोधल्यासारखं केलं.

'मेणबत्ती माझ्या एप्रनच्या खिशात होती. पेटवू दिली नसती, ठीक. हातात तर दिली असती. ना हा जवळ, ना मी. माझं पोर कुत्र्यासारखं एकटं मेलं, आई दाराशी असून.'

राडिसावने टोपी काढली आणि बाकावर बसला. मग तो म्हणाला, 'मला हे ठाऊक नव्हतं, कोसारा.'

'कसं असणार? आपल्यात कुणी काही म्हणत नाही ना.'

तो जेवला. सगळं वाढून घेऊन जेवला, आणि संध्याकाळी जाऊन बायकोलाही घेऊन आला. त्यांच्याखेरीज कुणी आलं नाही. डुकराचं मांस अजून संपलेलं नाही. आणि तुला वाटेल तो आता माझ्या बाजूचा झाला, तर तसंही नाही. जाताना फाटकापाशी माझा दंड धरून म्हणाला, 'तरी नाव नका घालू, डॉक्टर. गाव लहान आहे.'

तू लिहिलं होतंस की हे हक्कबिक्क आपल्या मातीतले नाहीत, तिकडून आणलेले आहेत. असतील. स्ट्रासबर्ग मी पाहिलेलं नाही. पण मरणाऱ्याला एकटं सोडू नये, त्याच्या हातात उजेड द्यावा, हे आपल्याला कुठल्या कोर्टाने शिकवलं? आपली आई गेली तेव्हा आख्खी आळी खोलीत मावत नव्हती, ज्याच्याशी बोलणं नव्हतं तोही आला होता. मी अर्जात वेगळं काय मागतोय? दारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता यावं, एवढंच ना?

सोमवारी इसिडोरा कागद घेऊन आली. माझ्याबरोबर आईंचाही अर्ज आहे, मुलाजवळ त्यांनाही राहता आलं नाही म्हणून. तिने वाचून दाखवलं. आई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, 'हे को. मि. कोण?'

'तुम्हीच, आजी. कोसारा मिलाशिनोविच. तुम्हाला त्रास नको म्हणून नाव झाकलंय.'

'मला? मला आता कोण काय त्रास देणार, पोरी? दात पाडणार? ते आधीच पडलेत.' इसिडोरा हसली. आई हसल्या नाहीत. 'स्रेतेन को. मि.च्या पोटी नाही जन्मला. माझं नाव लिही. पुरं लिही.'

मग माझी पाळी. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत बसल्या. पाहिलं असतं तर मला रागावता आलं असतं, तुम्ही मला भरीला घालता म्हणता आलं असतं. इसिडोरा म्हणाली, 'सर, तुमचं झाकलेलंच ठेवायचं ना? त्यात कमीपणा काही नाही. पुष्कळजण तसंच करतात.' खरंच नाही कमीपणा. ज्यांची पोरं शाळेत जातात, ज्यांचं पोट मालकाच्या मर्जीवर आहे, त्यांनी तसंच करावं. मीही कदाचित तसंच केलं असतं. पण मला त्या दिवशीचे फादर आठवत राहिले. 'आणि या घरातले सर्व.'

ताई, मी नाव घातलं.

तुला शब्द दिल्यासारखं करून मी हे केलं. त्याच नावात तुझं माहेर आहे, आणि आपल्या बापाचं नाव मधे आहे, हे मला ठाऊक आहे. दाजींना बिशपांकडून बोलावणं येऊ शकतं. सोयरे तोंड फिरवू शकतात. यातलं काही झालं तर ते माझ्यामुळे होईल, आणि 'मी न्यायासाठी केलं' असं म्हणून मला ते अंगावरून झटकता येणार नाही. मी बरोबर केलं याची मला खात्री नाही. दुसरं करता आलं नाही, एवढीच खात्री आहे. निकाल लागायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. आई असतील का तोवर, माहीत नाही. 'मी नसले तर निकाल थडग्यापाशी मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं,' म्हणतात.

कागद काल टपालात गेले. तेव्हापासून मी हा असा फिरतोय. आज एका घोडीच्या खुरात भलताच खिळा ठोकणार होतो.

दाजींना तूच सांग. पेपरात वाचून त्यांना कळायला नको. आणि आंजेलियालाही सांग. तिला काय वाटतं ते तिला स्वतः बोलू दे. लग्नाला मी आलो नाही तर तुमचं सोपं होणार असेल, तर तसं स्पष्ट लिही, मी येणार नाही, आणि धरूनही ठेवणार नाही. पण बोलावणार असलीस तर पाकिटावर आम्हा दोघांची नावं लिही, माझं आणि कोसारा आईंचं. 'आणि घरचे सर्व' असं लिहू नकोस.

राग आला असेल. आलाच असेल. मग रागानेच लिही, हवी तेवढी शिवीगाळ कर, लहानपणी कान पिळायचीस तसे पीळ. फक्त गप्प बसू नकोस, ताई. ते आपल्या सगळ्यांना फार चांगलं जमतं.

तुझा धाकटा भाऊ आणि स्रेतेनचा माणूस,

तिहोमिर ओब्राद प्रोडानोविच